मायचा अंबाडा आणि बाबांचं लोहचुंबक

मागच्या महिन्यात अमरावतीच्या आमच्या घरी एक मुलगी आली. हातातला मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून तिनं विचारलं, "आजी, बिनलोखंडीची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?" मी म्हटलं, "फाटकावरून." म्हातारी भरकटली असं तिला वाटलं असावं, कारण तोच प्रश्न तिनं जरा मोठ्यानं पुन्हा विचारला. मग मी तिला चहा दिला, चिवडा दिला आणि तिला हवं होतं तसं काहीतरी जिद्द, चिकाटी वगैरे सांगून वाटेला लावलं. खरं उत्तर लांबलचक आहे, ते मोबाईलच्या व्हिडिओत मावत नाही. बिनलोखंडी म्हणजे अंबाड्यावर बसवायची बांबूची वाकवलेली पट्टी आणि तिच्या दोन भोकांतून आरपार जाणारी काडी. एवढंच. त्यात ना खिळा, ना तार, ना स्प्रिंग. आता ती प्लास्टिकची निघते, तिच्यावर मोती चिकटवतात आणि ते आठवडाभरात गळतात. माझ्याच नातीच्या डोक्यात मी तसली गुलाबी पाहिली आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. याचा शोध मी लावला असं लोक म्हणतात. मीही नाही म्हणत नाही, या वयात आयतं मिळणारं श्रेय कोण सोडतं! पण मायचे केस गुडघ्यापर्यंत नसते आणि बाबा इतके हेकट नसते, तर मी आज कुठल्यातरी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आम्ही तेव्हा अकोल्याला राहायचो, कापसाच्या जिनिंगच्या आवारातच, मागच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत. बाबा जिनात फिटर होते. माय तिथेच कापूस निवडायला आणि रेच्यावर टाकायला जायची. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. तसे बरेच रेचे एका रांगेत उभे असत आणि सीझनभर त्यांची घरघर आमच्या भिंतीतून, भांड्यांतून आणि दातांतून चालू असे. त्या आवाजात आम्ही जेवत होतो, भांडत होतो, मी पाढे पाठ करत होते. मध्येच रेचे बंद पडले की बाबा दचकून जागे होत. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, तर सगळीकडे. अंथरुणात, देवळीत, दुधावर, भाकरीच्या पिठात. अंबाडीच्या भाजीत रुईचा धागा निघाला तर आमच्याकडे कोणी तोंड वाकडं करत नसे, बोटानं काढून बाजूला ठेवायचा आणि जेवायचं. केस निघाला तर मात्र सगळे मायकडे पाहत. कारण घरात एवढा लांब केस दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

बाबांना जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची, ती म्हणजे कापसातलं लोखंड. एखादा खिळा, एखादी टाचणी कापसाबरोबर रेच्यात गेली की घासून ठिणगी पडते, आणि कापसाला ठिणगी म्हणजे मग काही विचारायलाच नको. त्यांच्या तरुणपणी एक अख्खं जिन त्यांनी डोळ्यांदेखत जळताना पाहिलं होतं. तेव्हापासून ते रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी फाटकावर उभे राहत. हातात घोड्याच्या नालेच्या आकाराचं मोठं लोहचुंबक. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशावरून, डब्यावरून, बायांच्या पदराच्या गाठीवरून आणि डोक्यावरून ते फिरवायचं. शेजारी एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे, त्यात किल्ल्या, सेफ्टी पिना, केसांचे आकडे, सगळं जमा. पितळ, तांबं, चांदी चालायची, कारण ती चुंबकाला चिकटत नाही. डब्यात न टाकलेलं लोखंड अंगावर सापडलं तर त्या माणसाला त्या दिवशी घरी परत जावं लागे. हा कायदा बाबांनी स्वतःच केला होता आणि मालकांनी त्याला मान डोलावली होती. पुढे पुढे ही सवय घरातही शिरली. बाजारातून ज्वारी आणली की तिच्यावरून चुंबक. मोर्शीच्या आत्यानं माझ्यासाठी फ्रॉक पाठवला, तर त्याची हुकं बाबांनी उपटून टाकली आणि तो फ्रॉक मी दोऱ्यानं बांधून घातला. पौर्णिमेला विहारात जाताना पांढऱ्या कपड्यांतही त्यांच्या खिशाला ते चुंबक लोंबत असे. भन्तेजींनी एकदा हसून विचारलं होतं की मोहापासून हे वाचवतं का. बाबा गंभीरपणे म्हणाले, "नाई भन्ते, फक्त लोखंडापासून."

तर या कायद्यात सगळ्यात जास्त भरडली गेली माय. एवढे दाट केस, रोज खोबरेल लावून चोपलेले, ते नुसत्या गाठीवर आणि लग्नातल्या एका चांदीच्या आकड्यावर किती वेळ टिकणार! घरून निघताना घातलेला अंबाडा फाटकातून आत जाईपर्यंत सैल व्हायचा आणि पहिल्या तासातच पाठीवर यायचा. मग हातातला कापूस टाकायचा, हात झटकायचे, केस पिळायचे, बांधायचे, पुन्हा कापूस उचलायचा. रेच्याजवळ मोकळे केस म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून मुकादम ओरडायचा. माय शेजारच्या रेच्यावरच्या रजियाखालाच्या हाती सगळं काम सोपवून कोपऱ्यात केस बांधायला जायची. खाला आमच्याच ओळीत राहायची. तोंडानं फटकळ, मनानं मोकळी. ती म्हणायची, "गया, तुम्हारा आधा दिन बाल बांधने में जाता, और मेरा आधा दिन तुम्हारा काम करने में!" मग संध्याकाळी घरी आल्यावर मायचा सगळा राग बाबांवर निघे.

"तुमी मले आकडे लावू देत नाई," माय म्हणायची, "आन् केस सुटले का तुमचाच मुकादम वरडते. मंग म्या का करू? टक्कल करू?"

"कर," बाबा शांतपणे म्हणायचे. "आगीपेक्षा टक्कल बरं."

यावर माय भाकरी अशी थापायची की शेजारच्यांना वाटे आमच्याकडे कोणी दार ठोठावतं आहे. हे भांडण रोजचंच होतं आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती. सवय झाली नव्हती ती मला. मी तेव्हा मॅट्रिकला होते, अभ्यास बाहेरच्याच खोलीत करायचे, आणि त्या भांडणापायी माझं बीजगणित मागे पडत होतं. तेव्हा महिलांच्या सोयीसाठी वगैरे मी काही केलं नाही. घरात शांतता हवी होती म्हणून केलं.

पहिल्यांदा पऱ्हाटीची काडी घेतली. कापसाची काडी, ती काय आमच्या दारात ढिगानं पडलेली. मायच्या अंबाड्यात खुपसली आणि ती कटकन मोडली, अर्धी केसांत राहिली. तुरीची काडी, तुराटी घेतली, ती मोडली नाही पण उलली, तिच्या कुसळांनी माय दिवसभर डोकं खाजवत राहिली आणि उवा झाल्या की काय म्हणून बाकीच्या बाया लांब बसल्या. बाभळीच्या काट्याबद्दल मी काही लिहीत नाही. माय तेव्हा जे ओरडली ते रेच्यांच्या घरघरीतही फाटकापर्यंत ऐकू गेलं होतं. मग मी लाकडी पळीचा दांडा अर्धा कापून, घासून गुळगुळीत केला. तो चांगला बसला. पण त्या संध्याकाळी उरलेल्या पळीनं वरण ढवळताना मायचा हात भाजला आणि तिनं डोक्यातला दांडा उपसून माझ्याच पाठीत घातला. बाबा हे सगळं बघत होते. प्रत्येक नव्या वस्तूवरून चुंबक फिरवायचे आणि काही न बोलता परत करायचे. माझ्या अपयशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. वस्तू कायद्यात बसते की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

त्याच सुमारास आत्यानं मोर्शीहून बांबूच्या करंडीत संत्री पाठवली. संत्री संपेपर्यंत मला धीर निघाला नाही. करंडीच्या तोंडाशी एक रुंद पट्टी गोल फिरवलेली होती. मी ती ओढून काढली, आणि संत्री बाजेखाली गडगडत गेली. पण मी पाहतच राहिले. पट्टी वाकलेली होती आणि सोडल्यावरही वाकलेलीच राहिली. माझं डोकं जे चाललं ते तिथे. मी ती कापली, कढत पाण्यात भिजवली, तांब्याच्या पोटाला दोरीनं आवळून पत्र्यावर वाळत ठेवली. दाभण चुलीत लाल करून दोन्ही टोकांना भोकं पाडली. बांबूच्या दुसऱ्या एका कामटीची काडी करून ती उंबऱ्याच्या दगडावर घासली, तेलात मुरवली. मग मायला दारात बसवलं, अंबाडा घातला, वर पट्टी बसवली, एका भोकातून काडी घालून, केसांखालून नेऊन, दुसऱ्या भोकातून बाहेर काढली. माय उठली. डोकं हलवलं. वाकली. अंगणात जाऊन दोन उड्या मारल्या, आणि तिच्या वयाच्या बाईनं उड्या मारलेल्या पाहून रजियाखाला धावत आली. अंबाडा जागचा हलला नाही. बाबांनी ती पट्टी मागून घेतली, तिच्यावरून दोन्ही बाजूंनी चुंबक फिरवलं, मग ती नाकाशी नेऊन हुंगली, का ते मला आजही कळलेलं नाही, आणि म्हणाले, "ठीक हाये." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी आयुष्यात ऐकली नाही.

मग काय, खालाला हवी झाली. खालाची पाहून तिच्या पलीकडच्या बाईला हवी झाली. होळीच्या आधीच जिनातल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या डोक्यावर माझी पट्टी होती, आणि आमच्या घरी करंड्यांचा दुष्काळ. आत्याला वाटलं आम्हाला संत्री फार आवडायला लागली. ती बिचारी करंडीमागून करंडी पाठवत राहिली, आणि आम्ही संत्री खाऊन खाऊन आंबट तोंडानं फिरत राहिलो. बीजगणित तसंच मागे राहिलं. पण घरात शांतता होती, भाकरी थापायचा आवाज माणसासारखा येऊ लागला होता, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

अशात सीझन भरात असताना एका दुपारी आग लागली. मी शाळेतून येऊन माय-बाबांचा डबा घेऊन आत गेले होते. मायच्या रांगेतल्या एका रेच्याजवळ ठिणगी पडली, कापूस धुमसायला लागला, आणि एकच पळापळ झाली. बाबांनी वाळूच्या बादल्या ओतल्या, बायांनी हाताला येईल ते ओतलं. त्या गोंधळात कोणीतरी खालाचा आख्खा डबा आगीवर रिकामा केला. आग विझली. टोपलंभर कापूस काळा झाला, कोणाला साधा चटकाही बसला नाही, आणि नुकसान म्हणावं तर वांग्याच्या भरताचं. खाला ते नंतर कित्येक वर्षं सांगत होती. पण मालक नेमके त्या दिवशी ऑफिसात होते. शेठजी पोट सावरत, घड्याळाची साखळी सावरत बाहेर आले, धूर पाहिला, सगळे रेचे बंद करायला लावले आणि सगळ्यांना आवारात उभं केलं. इतकी शांतता मी त्या आवारात सीझनमध्ये कधी ऐकली नव्हती.

"फिटर," शेठजी म्हणाले, "लोखंड आत आलं कुठून?"

"मालक, माह्या फाटकातून लोखंड आत जात नाई," बाबा म्हणाले.

तेवढ्यात मुकादम पुढे झाला. माझ्या पट्टीमुळे त्याला बायांवर ओरडायला निमित्त उरलं नव्हतं, त्याचा राग त्याच्या मनात असावा. "शेठजी, ह्या बायायच्या डोक्यात पाहा," तो म्हणाला. "सगळ्यायच्या डोक्यात एकच वस्तू. फिटरच्या पोट्टीनं बनवली. वरून बांबू हाये, आतमंदी का भरलं कोणाले माहीत?"

शेठजींनी सगळ्यांच्या डोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "यातल्या एकातही लोखंड निघालं ना फिटर, तर आजच्या आज खोली खाली करायची." पट्टीत काही नाही हे मला माहीत होतं, मीच तर ती बनवली होती. तरी मोठी माणसं इतक्या खात्रीनं बोलायला लागली की आपल्यालाच शंका येते. चुलीत लाल केलेल्या दाभणाचं टोक एखाद्या भोकात मोडून राहिलं असलं तर? नोकरी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर आम्ही मोर्शीला आत्याच्या दारात, आणि माझी शाळा तिथेच संपणार. डबा हातात तसाच धरून मी उभी होते.

"लावा चुंबक," बाबा म्हणाले आणि पहिल्या बाईकडे निघाले. शेठजींनी हात पुढे केला. "इकडे दे. पोरीची वस्तू बापानंच तपासायची का?" हे बरोबरच होतं. पण बाबांनी चुंबक सोडलं नाही. शेठजींनी ओढलं, बाबांनी धरून ठेवलं. क्षणभर दोघंही त्या चुंबकाची दोन टोकं धरून एकमेकांकडे पाहत राहिले, आणि मग बाबांची बोटं एकेक करून सुटली. एवढे ताठ बाबा का कचरले ते मला समजेना.

बाया रांगेत बसल्या. शेठजी एकेकीच्या अंबाड्यावर चुंबक टेकवत निघाले. काही नाही. पुढची. काही नाही. खालाच्या डोक्याशी आले तेव्हा ती म्हणाली, "ज़रा ज़ोर से लगाओ मालिक, सर भी दुख रहा है." काही नाही. माझा जीव थोडा थोडा खाली येत होता. रांगेच्या शेवटी माय बसली होती. शेठजी तिच्याजवळ पोचले तसे बाबा घाईघाईनं म्हणाले, "हे माही घरवाली हाये मालक. तिचं सकाळीच पाह्यलं म्या." शेठजींनी ऐकून घेतलं आणि चुंबक मायच्या डोक्यावर टेकवलं.

टक!

शेठजींनी ओढलं. चुंबकाबरोबर मायचं डोकंही मागे गेलं. "माय वं!" माय ओरडली. "सापडलं!" मुकादम ओरडला. मी रडायलाच लागले. पण माय उठून उभी राहिली, काडी उपसली, माझी पट्टी काढली आणि शेठजींच्या पुढे धरली. "हे लावून पाहा." शेठजींनी पट्टीला चुंबक लावलं. काही नाही. काडीला लावलं. काही नाही. मायचे केस गुडघ्यापर्यंत खाली आले होते. त्यांत हात घालून तिनं एक आकडा बाहेर काढला. तो आकडा मला माहीत होता, घरात सगळ्यांनाच माहीत होता. लग्नात बाबांनी तिला दिलेला चांदीचा आकडा. एवढ्या केसांपुढे तो एकटा काय पुरा पडणार, पण आंघोळीला सोडला तर माय तो कधी काढत नसे. रोज तेलात बुडलेला असल्यामुळे त्याला कधी डागही पडला नव्हता.

"हा आकडा तं चांदीचा हाये मालक," माय मान वर करून म्हणाली. "लग्नात यायनं देल्ला. अचलपूरच्या बाजारातून आणला. चांदीले फाटकावर बंदी नाई."

शेठजींनी आकडा तळहातावर घेतला आणि चुंबक जवळ नेलं. टक. सोडवला. पुन्हा नेलं. टक. "बाई," ते म्हणाले, "चांदी चिकटत नसते."

माय सावकाश बाबांकडे वळली. आख्खं आवार तिच्याबरोबर वळलं.

"आवो," ती म्हणाली, "चांदी चिकटते का वो चुंबकाले?"

बाबा जिनाच्या पत्र्यांकडे पाहत होते. तिथं काहीच नव्हतं, एक कबूतरसुद्धा नव्हतं. मग खाली न पाहताच ते म्हणाले, "मालक, लोखंड माह्या घरातून आलं. कायदा सगळ्यायले सारखा. खोली खाली करतो."

पहिल्यांदा हसली ती रजियाखाला. ती हसली तशी तिच्या शेजारची, मग सगळी रांग. आगीची भीती, उन्हात बसल्याचा त्रास, सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं. आणि एकाएकी एक बाई पायातलं जोडवं काढून पुढे आली. "शेठजी, माह्या जोडव्याले लावून पाहा ना." शेठजींनी लावलं. खरी चांदी. ती बाई नाचायचीच बाकी राहिली. मग झुंबड उडाली. जोडवी, वाळे, कानातलं, गळ्यातलं. शेठजीही रंगात आले. रुईच्या गाठीवर मांडी ठोकून बसले आणि सराफासारखे एकेक दागिना तपासायला लागले. खालाचे झुमके खरे निघाले. ती म्हणाली, "आज घर जाके मियाँ के पाँव दबाती मैं!" एकीच्या पैंजणाला चुंबक टक्कन चिकटलं, तिनं तिथेच सासूच्या नावानं गळा काढला. माझे बाबा एका बाजूला उभे होते, माय दुसऱ्या बाजूला, केस मोकळे, आणि दोघांच्या मध्ये डबा घेऊन मी.

"खरी चांदी कशी असते पाहायची आहे का?" शेठजी खुशीत म्हणाले. "ही पाहा. आमच्या सासऱ्यांनी लग्नात दिली." त्यांनी खिशातून साखळीसकट घड्याळ काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं हात वर करून साखळीला चुंबक लावलं.

टक.

रेचे बंद होते, त्यामुळे तो आवाज सगळ्यांनी ऐकला. कोणी हसलं नाही. हसू दाबायला खालानं पदर तोंडात कोंबला होता. शेठजींनी साखळी सोडवली, घड्याळ खिशात टाकलं, आणि बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे पाहत बसले. मग उठले. "फिटर," ते म्हणाले, "कापसात खडा असेल. ठिणगी खड्यानंही पडते."

"पडते मालक," बाबा म्हणाले.

"मग रेचे चालू कर. उभा काय राहिलास?" जाता जाता ते माझ्यापाशी थांबले. "हे जे काय बनवलंस ते मूर्तिजापूरच्या आमच्या जिनातल्या बायांनाही पाहिजे. हे बिनलोखंडी." नाव पडलं ते असं. त्यानंतर मी परतवाड्याच्या बाजारातून बांबू आणवला, लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा तांब्या बरोबर आणला, बाकीचं सगळं पुढे होत गेलं. पण त्या दुपारी मला तेवढंच कळलं की खोली वाचली. बाबांनी मात्र रेचे चालू करण्याआधी मायकडे न पाहता सांगितलं, "गयाबाई, लोखंड सापडलं. आजचा दिवस घरी जा."

"जातोच," माय म्हणाली. "तुमीबी या घरी. मंग पाहतो."

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. मायनं वरणफळं केली होती आणि त्यात मीठ नव्हतं. बाबांनी मीठ न मागता ताट साफ केलं, वर आणखी मागून घेतलं. मीही गिळलं. पाणी पिऊन झाल्यावर माय म्हणाली, "तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"कवापासून?"

"चुंबक हातात आलं त्या दिवसापासून." बाबा ताटाकडे पाहत बोलत होते. "घरी आणलं आन् सगळ्याले लावून पाह्यलं. तू अंगणात न्हाऊन केस वाळवत होती. आकडा कोनाड्यात होता."

"मंग बोलले काहून नाई?"

"का बोलू? पयल्या पगारात घेतला होता. त्या दुकानदारानं फसवलं मले. आन् तू तं रोज आरशात मान वाकडी करू करू पाहो त्याच्याकडं."

"आन् फाटकावर?"

"तुह्या डोक्यावरून वरूनच फिरवो."

माय हळूच म्हणाली, "मले वाटे, चारचौघात बायकोच्या डोक्याले हात लावाले लाजता."

"आन् दिवसभर तुह्याच रेच्यापाशी उभा राहो," बाबा म्हणाले. "आकडा पडला-गिडला तं हात घालता याले पायजे म्हणून."

फिटरचा पाय बायकोच्या रेच्यापासून हलत नाही म्हणून जिनातल्या बाया मायला चिडवायच्या आणि माय लटकं रागवायची, ते मी कितीदा पाहिलं होतं. ज्यांच्या कायद्यापुढे माझ्या फ्रॉकची हुकं टिकली नाहीत, त्या बाबांनी रोज सकाळी फाटकावर तो कायदा मोडला होता आणि मग दिवसभर त्याची राखण करत उभे राहिले होते. मला बाबांची दया आली, मायचीही आली, आणि त्या दोघांच्या मध्ये बसून रडू येऊ नये म्हणून मी अळणी वरणफळं आणखी वाढून घेतली.

"नवा आणून देतो," बाबा म्हणाले. "खऱ्या चांदीचा. सराफाच्या दुकानात चुंबक घेऊनच जातो."

माय उठली. मी एक नवीकोरी पट्टी तेल लावून तिच्यासाठी कोनाड्यात ठेवली होती, तिच्याशेजारीच जिनातून परत आणलेला तो आकडा पडला होता. मायनं पट्टी बाजूला सारली. आकडा पदरानं पुसला, दोन्ही हात मागे नेऊन केस पिळले, अंबाडा घातला आणि त्यात आकडा खोचला. बाबा सवयीनं अर्धे उठलेच.

"लोखंड हाये ते," ते म्हणाले.

"असू द्या," माय म्हणाली. "घरी कुठं रेचा चालू हाये?"